पाणी कुठं मुरतं

गाडी जपानहून आलेली, सेकंडहँड.
काचेवर एक पट्टी आहे अजून,
तिच्यावरची अक्षरं मोंबासात कुणाला वाचता येत नाहीत.
बाबा म्हणायचे, तावीज असेल, काढू नकोस.

मार्चात इथली हवा
न पिळलेल्या टॉवेलासारखी.
एसी लागला की बाबा डोळे मिटत,
गुडघ्यांवरची किकोई सारखी करत,
आणि इस्पितळ येईपर्यंत चकार शब्द नाही.

मग एका सोमवारी
त्यांच्या पायाखालचा गालिचा ओला दिसला.
गुरुवारी पुन्हा.

डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं
की ताबा सुटेल कधीमधी, वय आहे.
मी विचारलं नाही काही.
सीटवर प्लास्टिक अंथरलं फक्त.
ते बसले तेव्हा खर्रर्र वाजलं.
त्यांनीही विचारलं नाही.
उतरताना म्हणाले, पुढच्या वेळी मी टुकटुकनं जातो,
तुझी भाडी बुडतात.

तीन आठवडे ती सीट
उतारूंना देत होतो.
मग बाजारातून एक बाई बसली, मैद्याची पिशवी पायाशी.
उतरताना पिशवीचा लगदा झालेला.
ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.
मी ऐकत होतो की नाही, आठवत नाही.
बाबा तर तीन आठवडे या गाडीत नव्हते.

किसाउनीत रिझिकीचं गॅरेज,
आंब्याखाली दोन जॅक आणि एक रेडिओ.
तिनं बॉनेट उघडलंच नाही.
विचारलं, सीट ओली होते का?

सीट?

सीट कोरडी, पाय ओले,
तर पाणी वरून नाही आलं. समोरून आलं.
मी कधी हात लावून पाहिला नव्हता सीटला.

गालिचा दाबून तिनं बोट ओलं केलं,
हुंगलं, जिभेला लावलं.
मी तोंड फिरवलं.
गोड नाही, म्हणाली, म्हणजे हीटर फुटलेला नाही.
वास नाही.
हे हवेतलंच पाणी, गारठून झालेलं.
माकुपाच्या चौकात वळसा घालताना जास्त येतं?
येतं.
आणि एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडतात?
एकही नाही, मी म्हणालो, जरा ऐटीतच.
सगळ्यांच्या गाड्या स्टँडवर डबकं करतात,
माझी खाली खडखडीत.

ती हसली. तेच तर.
बाहेर पडायचं ते आत मुरतंय.

मग पाठीवर झोपून आत सरकली.
नुसत्या चपला दिसत होत्या आणि बॅटरीचा उजेड.
अंगठ्याएवढी रबरी नळी. त्यात तार.
आधी लाल मातीचा भुगा पडला,
मग वाळलेल्या कोळ्याचा एक पाय,
मग शिवी,
कारण दोन तांबे पाणी एकदम तिच्या बाहीत.

कुंभारीण माशी होती.
नळीच्या तोंडाशी घर बांधून गेलेली,
लेकरांसाठी कोळी भरून, दार लिंपून.
तिला काय ठाऊक ती कुणाची वाट बुजवतेय.

तीनशे शिलिंग. पार्ट काही लागला नाही.
गालिचा उन्हात टाक, रिझिकी म्हणाली,
नाहीतर कुबट वास सुटेल
आणि मग लोक तुलाच काहीबाही म्हणतील.

संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले होते.
काय सांगायचं ते जुळवत आलो होतो वाटभर.
तोंडातून निघालं ते एवढंच:
नळी तुंबली होती.
कशानं?
माशीच्या घरानं.
बराच वेळ ते पायांकडे बघत राहिले.
मोडलंस? म्हणाले.
मोडलं.

गुरुवारी दार उघडून धरलं.
प्लास्टिक केव्हाच फेकलं होतं.
बाबांनी सीटवर तळवा दाबून पाहिला,
मग पिशवीतून टॉवेल काढला,
चौघडी केली, अंथरला, वर बसले.
टॉवेल जुना होता.
कधीपासून पिशवीत होता, विचारलं नाही.

एसी लाव, म्हणाले.