एका हाताचं ड्रेसिंग

मी तमण्णा. मिरजेत, दवाखान्याच्या जळीत वॉर्डात
एकतीस वर्षं ड्रेसर.
खाटा नऊ. हे आधी सांगतो,
उपाध्येबाईंचं भाषणही इथूनच सुरू होतं.

रविवारी ओपीडी नसते, तेव्हा बाई एसटीनं निघतात,
कधी जत, कधी इस्लामपूर, एकदा पार आटपाडी.
पिशवीत पत्रकं, सह्यांची वही, दशम्या
आणि सोबत मी, बँडेजचा डबा मांडीवर घेऊन.
अणुबॉम्ब नकोत. आपले नकोत, त्यांचे नकोत,
कुणाचेच नकोत. म्हणणं एवढंच.
लोक म्हणतात, बाई, तुम्ही डॉक्टर,
बीपीचं सांगा, शुगरचं सांगा.
बाई खडू मागतात.

साठ किलोचा माणूस, चाळीस टक्के भाजलेला,
पहिल्या दिवसात सलाइनच्या वीस बाटल्या.
वीस. एकाला.
दसऱ्याच्या आधी शोभेच्या दारूचं कोठार पेटलं
त्या रात्री अकरा जण आले.
नऊ खाटांवर नऊ, दोघं फरशीवर,
कुणी हळद थापून आणलेला, कुणी शाई ओतून,
एका पोराच्या पाठीवर टूथपेस्ट, पुदिन्याच्या वासाची.
आधी ते सगळं धुवावं लागतं.
धुताना काय ऐकू येतं
ते बाई भाषणात सांगत नाहीत.
मीही नाही सांगत.
पहाटे चारला आमचं गॉज संपलं,
सांगलीहून मागवलं, तेही दुपारी संपलं.
अकरा माणसांत.
पुढचा आकडा बाई फळ्यावर लिहीत नाहीत,
खडू खाली ठेवतात.

विट्याला वाचनालयाच्या हॉलात
सुभेदार यमगर उठले. निवृत्त, पण पाठ तशीच ताठ.
"आपल्याकडं आहे म्हणून समोरचा गप बसतोय.
बर्फात तुम्ही नव्हता बाई. मी होतो."
टाळ्या पडल्या. बऱ्याच पडल्या.
आमच्या वाट्याला एवढ्या कधी आल्या नव्हत्या.

बाई म्हणाल्या, सुभेदार, उजवा हात देता?
तमण्णा, हा भाजलाय असं समज.

मी साबणानं हात धुतले, टेबलावर स्वच्छ फडकं पसरलं.
घाई करता येत नाही या कामात,
बोटं एकमेकांना चिकटतात,
म्हणून प्रत्येक बोट वेगळं,
मधे व्हॅसलिनचं गॉज, अंगठा बाजूला काढलेला,
तळव्यात कापसाची गादी, पाण्याचा पेला धरावा तसा हात.
करंगळीवर जुना व्रण होता. मी विचारलं नाही.
पंखा कुरकुरत होता. चहा आला, साय धरून थंड झाला.
दोघंतिघं उठून गेले.
एक म्हातारी पुढं सरकली, नीट दिसावं म्हणून.
शेवटची पट्टी चिकटवली तेव्हा
बाईंनी फळ्यावर बावीस लिहिलं.
मिनिटं.
मग वही उघडली, ज्यांना करायची त्यांनी सही केली.

सुभेदारांनी केली नाही.
हात बांधलेला म्हणून नव्हे, त्यांना पटलंच नव्हतं.
पण पट्टी सोडली नाही त्यांनी तिथं.
मी सवयीनं सांगून गेलो होतो, हात वर धरा, सूज येते,
तर तसाच, छातीपाशी, वर धरून
स्टँडकडं चालत गेले.

आठव्या दिवशी मिरजेला आले.
कागदाच्या पुडीत बँडेज, धुतलेलं,
आमच्यापेक्षा घट्ट गुंडाळलेलं, लष्करी.
वॉर्डाच्या दारातून आत बघितलं,
बोट हलवत हलवत मोजलं.
"नऊच?"
नऊच, म्हटलं.
चहा घेतला नाही. साडेतीनची गाडी होती.

बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, बरं.
पुढच्या रविवारचं जतचं विचारत होत्या,
फळा आहे का तिथं.

ते बँडेज मी ऑटोक्लेव्हला टाकलं.
मंगळवारी कवलापूरच्या एका सुनेच्या मनगटाला वापरलं.
जपून ठेवण्याइतकं बँडेज
आमच्याकडं कधीच नसतं.