राजाची वीत

देवळामागच्या शिळेवर
कल्लव्वा नाचणीचं पीठ चोळते,
वरचं ओल्या फडक्यानं पुसून घेते
आणि खाचांत उरलेलं पांढरं
बोट ठेवून वाचत जाते.
ती हळेगन्नड वाचते, मी मराठीत उतरवतो.
एखादा शब्द दोघांचाही निघतो,
तेव्हा ती चष्म्यावरून माझ्याकडे बघते.

"कंचरस. वय वर्षं सहा.
चंद्र-सूर्य असेतो राज्य करो."
पुढच्या ओळीत दंडनायक सोवण्ण येतो.
नात्यानं मामा.
मग खालपर्यंत तोच.

देवाच्या दिव्याला दोन मत्तर जमीन,
ओढ्याच्या उत्तरेला,
राजाच्या वितीच्या काठीनं मोजून.
बस्स, एवढंच.

बाकीचं मी रचतो.

पाटाखाली दुसरा पाट, वर राजा.
पाय तरी भुईला लागत नाहीत.
पंजा पसर, म्हणतात. अजून. अजून थोडा.
केतोज सुतार अंगठ्यापासून करंगळीपर्यंत
खिळ्यानं रेघ ओढतो,
आणि राजाला गुदगुल्या होतात.
भर सभेत तो हसतो.
सोवण्ण हसत नाही, तो मोजतो:
अशा सोळा विती, एक काठी.

काठी आखूड, म्हणून शेतं लांबली.
काल तीस काठ्यांचं होतं ते आज चाळीस भरलं,
बांध जिथल्या तिथे,
भात तेवढंच,
सारा मात्र चाळिसाचा.
आणि देवाला द्यायच्या वेळी
तीच काठी. देव काय बोलणार?

पण पोराचा हात. तो वाढणारच की.
बाचव्वे दाईला आधी कळलं,
कडं मनगटातून निघेना तेव्हा.
तेल लावून, फिरवून फिरवून तिनं ते काढलं
आणि कानात सांगितलं,
लोकांत बसलास की मूठ मिटून बस हं राजा.
तो बसायचा.
मुजरे झाले, नजराणे आले, दोन फाशा झाल्या,
मूठ मिटलेली.
लोक म्हणाले, पोर धीराचं आहे.

चौदा महिने.

तेराव्या ओळीत पीठ धरत नाही.
"फुटलंय इथं," कल्लव्वा म्हणते.
मी म्हणतो, खोडलंय.
"फुटलंय हो."
"छिन्नीचे घाव दिसतात की, बघा ना."
ती फडकं पिळते, पाणी शिळेच्या पायाशी सांडते.
चौदाव्या ओळीत
राज्य सोवण्णदेवाचं आहे, आणि पाऊसपाणी उत्तम.

ओढ्याच्या उत्तरेचा तो तुकडा
आता तिच्या दिराचा आणि आमचा, निम्मा निम्मा.
आम्ही म्हणतो पोराचा तुकडा.
ते म्हणतात हुडुगन होल.
कुठलं पोर, विचारलं तर
दोन्हीकडची म्हातारी माणसं आभाळाकडे हात करतात.
सोवण्णाच्या नावाचं गावात
साधं डबकंसुद्धा नाही.

परवा खानापूरहून मोजणीवाले आले,
तिकाटण्यावर यंत्र, डोक्यावर टॉवेल.
उताऱ्यापेक्षा जमीन पुन्हा कमी भरली.
दर वेळी भरते. आजोबांच्या वेळी
यावरून कुऱ्हाड निघाली होती.
साहेबांनी तफावत कन्नडमध्ये लिहिली,
खाली मी मराठीत सही केली,
कल्लव्वाच्या दिरानं अंगठा.

कारणाचा रकाना
त्यांनी कोराच ठेवला.