सांधे फुगेपर्यंत

पहिल्या व्हिडिओत काहीच होत नाही.
सत्तावीस मिनिटं. चिखलीच्या वळणापासून
वडणग्याच्या बाजूला.
वल्ह्याचा आवाज, मध्येच माझा खोकला,
एकोणिसाव्या मिनिटाला एक खंड्या, तोही पाठमोरा.
बघणारे एकवीस. त्यात शालन दोनदा,
दुसऱ्यांदा, म्हणाली, झोप लागावी म्हणून.

नाव मीच केलेली. उद्यमनगरात मी पॅटर्न करतो,
लाकडी साचे, ज्यांवरून वाळूत ओतकाम होतं:
पंपाची घरं, कप्प्या, इंजिनाचे पाय.
माझं सगळं लाकूड लोखंड व्हायला जातं.
हे एवढंच लाकूड राहिलं.
फळी कशी वाकवायची ते रावसाहेब अंबींनी दाखवलं.
गवताच्या बायकांना ते अजून पल्याड सोडतात,
माणशी दहा रुपये, भाऱ्यासकट पंधरा.

मग भाचा प्रज्योत म्हणाला, मामा, हे एवढं चालू कर की.
पहिल्यांदा आले सहा हजार एकशे चाळीस.
शालननं आकडा दोनदा मोठ्यानं वाचला.
मी पेढे आणले.
दुसऱ्या दिवशी वल्हं जरा जोरात मारलं.

पहिल्या आठ सेकंदांत काहीतरी घडावं लागायचं.
पंचगंगेला हे कुणी सांगितलं नव्हतं.
मी तोंडाचा आ करून फोटो काढायला शिकलो.
शांत पाणी कापून टाकायचो,
म्हणजे जवळजवळ सगळी नदी.
‘तर मित्रांनो’ म्हणायला लागलो.
मला मित्र दोन, दोघंही भट्टीवर,
दोघंही व्हिडिओ बघत नाहीत.
फायबरची बोट आली, मोटर आली,
जुनी नाव करंजाखाली पालथी घातली.
खंड्या आता आवाजानं आधीच उडायचा.

मार्चमध्ये ओंडका दिसला.
काळा, खरबरीत, निम्मा पाण्यात.
मी म्हणालो, मगर.
म्हणालो नाही, कुजबुजलो. कुजबुजीला भाव जास्त.

अडीच लाख लोकांनी तो ओंडका पाहिला.
अकरा दिवस म्हशी घाटावर उतरल्या नाहीत.
बायका पुलावरून गेल्या, डोक्यावर भारा घेऊन,
मानेवरून घाम पुसत.
रावसाहेब नाव बांधून बसून होते.
त्यांच्याकडं बटणांचा फोन. म्हणून मलाच विचारलं:
‘तू रोज पाण्यावर असतोस. केवढी हाय रं?’

मी हात पसरले.
पसरलेले तसेच राहिले थोडा वेळ.
मग जवळ आणत गेलो, जवळ,
तळव्याला तळवा लागला.
ते माझ्या हातांकडं बघत होते.
‘लाकूड व्हय,’ म्हणाले, आणि दावं सोडायला उठले.

माफीचा व्हिडिओ केला.
त्याचेही एकशे नव्वद रुपये आले.
ते द्यायला गेलो तर म्हणाले,
‘दहाच दे. बस, पल्याड सोडतो.’
अख्ख्या नदीत बोलले ते एकच:
‘तुझी ती सुकली आसंल.’

सुकली होती. उलटी केली
तर फटींतून ऊन आरपार,
एका सांध्यात करंगळी गेली.
मी रंधा काढला, लांबी काढली, एम-सीलची पुडी काढली.
‘ठेव ते,’ म्हणाले. ‘बुडीव तिला.
धोंडं घाल आत. दोन दिस हात लावू नगंस.’

तेव्हापासून ती कमरेएवढ्या पाण्यात खाली आहे,
पोटात सात धोंडे.
मी काठावर. मोबाईल डब्याच्या पिशवीत आहे,
नाही म्हणून कशाला सांगू,
आणि परवा प्रज्योत विचारून गेला,
मामा, महिना कोरडा चाललाय.
मोटरचे चार हप्ते राहिलेत.

रावसाहेब पल्याड गेलेत, तीन बायका, एक शेळी.
एक म्हैस येऊन उभी राहिली,
पाण्याकडं बघून आत उतरली.
फळी पाणी पिते.
मधूनच कुठल्यातरी फटीतला
एक बुडबुडा वर येतो.