सातवी मात्रा

ताळगावच्या पठारावर, विद्यापीठाच्या
दुसऱ्या मजल्यावरची खोली.
एसीचा सूर काळी चारच्या किंचित खाली,
आणि माझ्यासमोर पाच रेघांचा कोरा कागद.

"गावाकडचा एखादा ताल लिहून आणा,"
फुर्तादो सर म्हणाले होते, "वाजतो तसा.
सुधारू नका."

मी विश्राममामाचं घुमट मोबाइलवर घेतलं,
डिचोलीच्या बसमध्ये चौदा वेळा ऐकलं.
आता घोरपडीचं कातडं नाही, बकऱ्याचं.
मामा म्हणतो, आवाजाला सर्दी झालीय.
ताल मात्र तोच: सातव्या मात्रेवर
जे पडायला हवं ते पडत नाही.

मी तिथे विराम लिहिला.
सरांनी लाल पेनने गोल केला:
सुंदर! ही परंपरा कुठली? संदर्भ द्या.

संदर्भ.
खाण चालू होती, दिवसाला सहा खेपा,
टिपरच्या फाळक्यात मामाची करंगळी गेली.
त्या शिगम्याला तो तसाच वाजवायला बसला
आणि समोरची पोरं बघून बघून शिकली.
ती आता बाप झालीत. दहाही बोटं शाबूत,
तरी सातव्या मात्रेवर सगळे एकदम गप्प,
आरतीतसुद्धा.
देवालाही सवय झाली असेल.

तळटीप लिहायला घेतली, खोडली.
मामाला विचारलं तर हसला,
"लिही, कंपनीने पैसे दिले नाहीत म्हणून."

परवा प्रॅक्टिकल.
हॉस्टेलच्या गच्चीवर घुमट मांडीवर घेऊन बसते,
पाच, सहा,
आणि माझी करंगळी
कोणी न सांगता
वरच राहते.