एका गाळ्यात दोन

भटवाडीत, पिठाच्या गिरणीला लागून माझा गाळा.
आधी ब्लाउज शिवायचे. मग डोळे दमले, पोरं आली,
तासाला चाळीस, अर्ध्या तासाला पंचवीस,
आणि वेफर्सचे हात धुतल्याशिवाय रिमोटला शिवायचं नाही.

एक काळा डबा होता, एक पांढरा.
दोन्ही लॅमिंग्टन रोडवरून, सेकंडहँड, हप्त्यावर.
दोघांच्याही पंख्यात गिरणीचं पीठ जायचं.
रविवारी मी दोघांनाही रंगाच्या ब्रशने झाडायचे.

पोरांचं तसं नव्हतं.
काळेवाले दाराशी, पांढरेवाले मीटरखाली,
मधे माझी खुर्ची.
फुटबॉलचा तोच संघ, तीच पट्ट्यांची जर्सी,
पण पांढऱ्यात नाव भलतंच,
कारण खरं नाव काळ्यावाल्यांनी
विकत घेऊन कुलपात ठेवलेलं.
"काकू, नाव विकत घेता येतं?"
म्हटलं, बाबा, माझं तर लग्नात फुकट गेलं.

मग सबनीस आला. कडक शर्ट, बॅगेत करार.
पंचावन्न इंची टीव्ही, दारावर पेटता बोर्ड,
नवा घोडेस्वाराचा गेम अख्ख्या घाटकोपरच्या आधी.
कलम एकच,
गाळ्यात दुसऱ्या कंपनीचं यंत्र नको.
"एका म्यानात, काकू... तुम्हाला तर माहितीये."
माहीत होतं.
पण म्यानाला भाडं नसतं, माझ्या गाळ्याला साडेअकरा हजार.
मी सही केली. बखिया घालावी तशी, सरळ.

पांढरा घरी नेला, उशीच्या अभ्र्यात घालून,
मांजराचं पिल्लू लांब सोडायला न्यावं तसा.

मीटरखालची पोरं तीन दिवस आली, उभी राहिली, गेली.
अय्याज चौथ्या दिवशीही आला.
बासष्ट तास झाले होते त्याचे,
बहिणीच्या शिकवणीतून, ईदीतून, रद्दीतून जमवलेले.
त्याचा माणूस एका पुलाच्या तोंडाशी उभा होता
आणि पुलापलीकडे काय आहे
हे काळ्यात कधीच येणार नव्हतं.
"काकू, तो तिथंच असेल ना?"
म्हटलं, जाईल कुठे.
घरी ये, असं मात्र म्हटलं नाही.
करारात फक्त गाळा लिहिला होता,
घर नव्हतं लिहिलं,
हे मला त्या रात्री भाकरी उलथताना सुचलं.

दीड वर्ष.
टीव्हीचा एक कोपरा जांभळा झाला.
मग सबनीस पुन्हा, शर्ट जरा सैल.
वरच्या वर दोन्ही कंपन्यांचं जुळलंय म्हणे,
पुलाचा गेम आता काळ्यावरही मिळेल,
घोडेस्वार पांढऱ्यावर.
"मग माझं कलम?"
"त्याची मुदत संपली, काकू."
बोर्ड तो घेऊन गेला. स्क्रूची चार भोकं ठेवून गेला.

अय्याज आला तो हेल्मेटसकट,
पाठीवर कुणाचं तरी गरम जेवण.
मी म्हटलं, आलाय बघ तुझा पूल, बस, पैसे नकोत.
त्याने उभ्या उभ्याच पाहिलं.
"हा पहिल्यापासून सुरू होतो, काकू."
हसला. फोन वाजला. सात मिनिटं राहिली होती त्याची.

रात्री अभ्रा सोडला.
डबा उलटा केला तर ओट्यावर चिमूटभर पीठ पडलं, पिवळट.
वायरी लावल्या, रंग बघून बघून,
आमच्या छोट्या टीव्हीवर आधी मुंग्या, मग तो.
पुलाच्या तोंडाशी. अंगरखा वाऱ्यावर हलतोय,
अधूनमधून या पायावरचा भार त्या पायावर घेतोय,
रेशनच्या रांगेत घेतात तसा.

इतकी वर्षं पोरांच्या मागे बसले,
पण चालायचं बटण कुठलं, कधी विचारलंच नाही.
आणि माहीत असतं तरी
दुसऱ्याच्या बासष्ट तासांवर
त्रेसष्टावा माझा कशाला.

रिमोटचा लाल दिवा लुकलुकायला लागला.
चार्जिंगला लावला.
वहीच्या मागच्या पानावर त्याचा नंबर आहे,
पाचाचा आठ वाटतो.
दोन्ही लावून बघते.