कशाखाली घालू नाव

स्मरणिका छापायला जायची होती.
चिटणीस सोहोनी फोनवर म्हणाले,
नृत्यदिग्दर्शन शाल्मली गुर्जर, हे ठीक.
पण खरवंडीकर, तुमचं नाव कशाखाली घालू?
तुम्ही नक्की केलंत काय?

मी तेव्हा सित्र्याच्या पुलावर होतो.
ओहोटीनं उघडा पडलेला चिखल,
त्यात रोहित पक्षी एकेका पायावर,
कुणीही न बसवलेले.
म्हटलं, रात्री सांगतो.

शाल्मलीचं काम सांगता येतं.
आठ मुली, सोळा मात्रा,
उजवा पाय, गिरकी, पुन्हा ओळ.
ती आकडे म्हणते आणि आकडे नाचू लागतात.
तिच्या वहीत बाण आहेत, गोल आहेत,
ती वही उघडून कुणीही उद्या कुवेतला
हाच नाच बसवील.
नाच बसतो.

माझ्याकडे वही नव्हती, कुमुदिनी होती,
सलमानियातली रात्रपाळी संपवून आलेली,
डोळ्यांखाली वॉर्डातला पांढरा उजेड घेऊन,
आणि दुसऱ्या अंकातलं तिचं गाणं,
ज्यात नाचायचं नाही.
मग हातांचं करू काय, ती म्हणाली.
घरी काय करतेस?
कपबशा विसळते.
विसळ मग. ध्रुवपदाला पाठ कर आमच्याकडे,
अंतऱ्यात एक कप पूस
आणि समेवर ठेव, आवाज न होऊ देता.
(समेवर आवाज होणार नाही, हे
तबल्यावरच्या म्हापसेकरांना पटायला
तीन शुक्रवार गेले.)

दारात तिचा नवरा, श्रीरंग.
त्याला ओळ नाही, सूर नाही.
त्यानं एक बूट काढायचा,
दुसरा काढू की नको असं उभं राहायचं.
जमिनीवर त्याच्यासाठी पांढऱ्या पट्टीची फुली.
तेवढ्यावर ते गाणं उभं होतं.

प्रयोगाला बारा दिवस उरले असताना
आठांतली एक मुलगी बापाच्या बदलीनं दम्मामला गेली.
शाल्मलीनं टाळी वाजवली, सात! अंतर वाढवा!
दहा मिनिटांत
आठवी मुलगी कधी नव्हतीच.

त्याच आठवड्यात श्रीरंगचा व्हिसा रद्द झाला.
शेवटच्या तालमीला आला,
बूट काढला, घातला, सगळ्यांना नमस्कार केला.
सोहोनी म्हणाले, दुसरा उभा करू,
उंची तेवढीच हवी ना?
दोघांना उभं करून पाहिलं.
कुमुदिनीचा हात जिथे थबकायचा तिथेच थबकला,
पण त्या थबकण्यात
कुणी मावेना.
शेवटी दार रिकामं ठेवलं.
नऊ नंबरचा एक बूट, बस्स.
आणि वाळत घालायचे कपडे घेऊन आत येणाऱ्या बायका
फुलीला वळसा घालून जाऊ लागल्या.
मी सांगितलं नव्हतं.

हे सगळं रात्री सोहोनींना सांगू गेलो.
म्हटलं, शाल्मलीनं त्यांना नाचवलं, आणि मी
आणि पुढे शब्दच नव्हता.
फोनमधून त्यांचा एसी ऐकू येत होता.
लवकर बोला हो, प्रेसवाल्याची दोन पानं अडलीत.
म्हटलं, घाला कशाखालीही.

छापून आलं:
खुर्च्या, चहा व रंगमंच व्यवस्था.
चालेल. खुर्च्यांचं काम तसं माझ्याच अंगचं,
कोण कुठून उठून गेलं
ते बघत राहायचं.

रविवारी पेटी आणायला शाळेच्या हॉलमध्ये गेलो.
प्रार्थना सुटलेली, तिसरीची रांग
रंगमंचावरून पलीकडच्या दाराला निघालेली,
मॅडम ओरडत होत्या, सरळ, सरळ चला,
आणि रांग एका जागी किंचित वाकत होती.
शिपायानं पट्टीचा एक कोपरा नखानं उचकटला होता.
काढू का साहेब, म्हणाला.
माझ्या एका हातात पेटी,
दुसऱ्या हातात बूट.