आत येताना, बाहेर जाताना

पाणी आयर्विन पुलाखाली गेलं तेव्हा
कैदी सगळे आधीच दुसरीकडे हलवलेले,
आत राहिलो मी, मुल्ला हवालदार
आणि चौऱ्याऐंशी रजिस्टरं.

साहेब म्हणाले, वाळवा.
वाळली तर वाळली,
नाहीतर पंचनामा करून मोकळे व्हा.

बराकीच्या गच्चीवर मग पापडासारखी मांडली पानं,
कडेला विटा,
आणि राखणीला मी, हातात काठी, कावळ्यांसाठी.
खाली खंदकात फुगलेली म्हैस.
वारा हरिपूरकडून आला की हळदीचा आंबूस वास यायचा,
कुणाचं तरी पेव फुटलं असावं.
गाळ वाळेल तसा पिवळा पडत होता.

मोडी मला येत नाही.
आदगोंडा मास्तरांना आणलं, वय एक्याण्णव,
दोघांनी दंडाला धरून जिना चढवले.
त्यांनी चष्मा पुसला नाही. बोट पुसलं
आणि ओळीवर ठेवलं.

येसू लखू. जात रामोशी.
आत येताना वजन एकशे अठरा पौंड.
गुन्हा: हजेरीस गैरहजर.
"कसली हजेरी?" मुल्लानं विचारलं.
"रोज रात्री चावडीवर जायचं," मास्तर म्हणाले,
"आपण गावात आहोत एवढंच दाखवायला."
बाहेर जाताना त्र्याण्णव.

दस्तगीर चांदसाहेब. कंदील एक, दुसऱ्याचा.
जमा: चिलीम, सहा पैसे, ताईत.
ताईत काढू देईना, सबब पाच फटके.
बाहेर जातानाचा रकाना कोरा.
मास्तरांनी पान दोनदा उलटून बघितलं, मागेही काही नव्हतं.
तेवढ्यात मुल्ला खाली जाऊन चहा घेऊन आला.

नेमगोंडा. पत्रकं वाटली. शहाण्णव दिवस.
ह्याचं वजन मात्र दोन पौंडांनी वाढलेलं.
मास्तर इतके हसले की ठसका लागला.
"घरी तरी काय होतं खायला!
आमच्या गावात पुतळा आहे त्याचा,
मूर्तिकारानं बरगड्या मोजून काढल्यात."

रोज पंधरा शेर जोंधळा दळायचा, असं लिहिलंय जागोजागी.
ते जातं अजून आहे.
फाटकापाशी. वर तुळशीची कुंडी ठेवलीय आम्ही.

शाई चांगली होती, अक्षरं टिकली.
अंगठे नाही टिकले.
पाण्यानं ते एकमेकांत सोडले,
एका पानावर तर अकरा जणांचा मिळून
एकच निळा अंगठा झालाय, पंजाएवढा.
आता कोण कशाला कबूल झालं होतं
हे सांगणार कोण.

उन्हं कलली तेव्हा मास्तरांचं बोट एका समासात थांबलं.
कोंडाई भिवा. एकशे एक पौंड.
सोबत मूल, मुलगी, दिवस बारा.
वजनात धरलेली नाही.

त्याखाली दुसऱ्या शाईत, दुसऱ्या हातानं,
मुंगीच्या पायाएवढं:
धरली असती तर सहा पौंड.

सही नाही.
माझ्यासारखाच कुणी असणार, पगार पंधरा रुपये.
साहेब जेवायला गेल्यावर
जोंधळ्याच्या पारड्यात त्यानं तिला निजवली असेल,
पिठानं पांढरी झाली असेल ती,
दुसरीकडे वजनं चढवता चढवता
बाहेर पावलं वाजतात का ऐकत असेल.
कशासाठी, ते लिहिलेलं नाही.

पंचनाम्याला वजन लागतं म्हणून काटा आणवला.
रजिस्टर क्रमांक एकोणीस:
पाण्यातून काढताना साडेअकरा किलो,
वाळल्यावर चार.
साहेबांनी उभ्या उभ्या सही केली.

जिना उतरताना मास्तर मधल्याच पायरीवर थांबले,
मुल्लाच्या खांद्यावर भार टाकून म्हणाले,
"त्या पोरीचं लिहिलंत का?"

परत वर गेलो.
समासात बॉलपेननं, जमेल तेवढं बारीक,
लिहिलं: अधिक सहा पौंड.

खाली कार्बनवर उमटलं की नाही
बघितलं नाही.